अपराजित आणि अनिमंत्रित

ज्ञातीच्या स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडील एका महाविद्यालयीन फुटबॉल संघाचा वृत्तान्त कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संस्थेचा जमाखर्च, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली आणि दिवंगत ज्ञातिबांधवांस श्रद्धांजली एवढे छापले म्हणजे स्मरणिकेचे कार्य झाले, अशी आपली रीत आहे. ती मोडावी असा आमचा हेतू नाही. परंतु आपली संस्था विद्यार्थ्यांसाठी उभी राहिली आणि ती जन्माच्या नात्याने उभी राहिली, या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या म्हणजे पुढील हकीकत आपणांस अगदीच परकी वाटणार नाही, असे आम्हांस वाटते.

ही हकीकत आहे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाची आणि वर्ष आहे १९५१. जेझुइट पाद्र्यांनी १८५५ साली स्थापन केलेली ही विद्यासंस्था. आकाराने लहान, द्रव्यबळाने त्याहून लहान. तिच्या संघास ‘डॉन्स’ असे नाव होते. शेजारच्या स्टॅनफर्ड किंवा बर्कली येथील प्रचंड विद्यापीठांच्या मानाने या डॉन्सना कोणी फारसे विचारीत नसे.

आपल्याकडे ज्यास फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेतील फुटबॉलचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो पायाने क्वचितच मारतात, बहुधा बगलेत दाबून पळतात किंवा हाताने लांब फेकतात. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शंभर यार्डांच्या मैदानाची अखेरची रेषा चेंडूसह ओलांडली म्हणजे ‘टचडाउन’ झाला आणि त्याचे सहा गुण मिळतात. डोक्यास शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या, आणि तरीही हाडे मोडण्याचे प्रकार नित्याचे. हुतूतूमध्ये कुस्ती मिसळावी आणि वर लढाईतील व्यूहरचना घालावी, तसा काहीसा हा खेळ आहे. तेथील महाविद्यालयीन जीवनात त्यास जे स्थान आहे, ते आपल्याकडे कोणत्याच खेळास कधी लाभलेले नाही.

जो कुहारिच हे १९४८ साली या संघाचे मार्गदर्शक झाले. शिस्तीचा कडक माणूस. पहिल्या वर्षी पराजयच अधिक पदरी आले, पण त्यांनी धीर सोडला नाही. आसपासच्या गावांतून आणि लहान महाविद्यालयांतून त्यांनी जी मुले जमविली, ती बहुतेक कष्टकऱ्यांच्या घरची होती. जिनो मार्चेटी हा इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा. महायुद्धात युरोपच्या रणभूमीवर लढून तो परतला होता. बॉब सेंट क्लेअर हा सहा फूट नऊ इंच उंचीचा धिप्पाड तरुण, कच्चे मांस खाण्याच्या सवयीमुळे गावभर प्रसिद्ध. चेंडूफेकीची आणि डावाच्या आखणीची जबाबदारी एड ब्राउनकडे होती. आणि या सर्वांत दोन कृष्णवर्णीय तरुण होते : ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर.

हे दोघेही मूळचे दक्षिणेचे. मॅटसनचा जन्म टेक्सास राज्यातील ट्रिनिटी या गावी झाला, टोलरचा टेनेसीतील मेम्फिस शहरी. दोघेही सॅन फ्रान्सिस्कोला आले, तेथील सिटी कॉलेजच्या संघात १९४८ साली एकत्र खेळले आणि पुढे एकाच वेळी डॉन्समध्ये दाखल झाले. मॅटसन हा दोनशे पौंडांहून अधिक वजनाचा असूनही शर्यतीच्या धावपटूसारखा पळे. टोलर बचावफळीतला. तो कोठून येऊन धडकेल याचा प्रतिपक्षास अंदाज येत नसे. त्याच्या अंगच्या गुणांची त्याच्या सोबत्यांनी पुढे आयुष्यभर जी वाखाणणी केली, ती वाचली म्हणजे वृत्तपत्री कीर्ती मॅटसनच्या वाट्याला आली तरी सोबत्यांचा विश्वास टोलरवरही तितकाच होता, हे स्पष्ट दिसते.

१९५१ च्या उन्हाळ्यात कुहारिच यांनी संघास उत्तर कॅलिफोर्नियातील कॉर्निंग या गावी सरावास नेले. तेथील उन्हाची आठवण ही मंडळी म्हातारपणीही काढीत. परंतु त्या उन्हातून बाहेर पडलेला संघ निराळाच होता. आरंभीच्या सामन्यात त्यांनी सॅन होजे स्टेटचा ३९ विरुद्ध २ असा फडशा पाडला, आणि मग एकामागून एक विजय मिळत गेले. सगळ्या सामन्यांचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही, आणि खरे सांगावयाचे तर काही प्रतिस्पर्धी दुबळेच होते. नौदलाच्या आणि मरीन शिपायांच्या छावण्यांतील संघांशीही त्यांचे सामने झाले. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाशी झालेल्या सामन्याविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. अमेरिकेत खेळाडूची ख्याती ठरविणारी वृत्तपत्रे पूर्वेकडे होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या लहानशा महाविद्यालयाकडे त्यांचे लक्ष जाणार कसे? पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण त्या वेळी विद्यापीठाच्या क्रीडाविभागाच्या प्रसिद्धीचे काम पाही. मॅटसनचे नाव न्यूयॉर्कच्या लेखकांच्या कानी घालण्यासाठी त्याने पुष्कळ खटपट केली. त्या दिवशी मैदानावर मॅटसनने रोझेलचे काम सोपे केले. प्रतिपक्षाने टोलविलेला चेंडू झेलून तो एकदा ९४ यार्ड आणि पुन्हा एकदा ९० यार्ड पळाला, आणि दोन्ही वेळा टचडाउन करूनच थांबला. फोर्डहॅमनेही चिवट झुंज दिली. सामना डॉन्सनी जिंकला तो ३२ विरुद्ध २६ असा अवघ्या सहा गुणांनी. त्या मोसमात मॅटसनने एकंदर १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाउन केले. देशात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता.

नोव्हेंबरमध्ये बलाढ्य समजल्या जाणाऱ्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या संघास डॉन्सनी ४७ विरुद्ध १४ असे लोळविले. अखेरचा सामना लॉस एंजेलिसच्या लॉयोला विद्यापीठाशी, पॅसाडीना येथील ‘रोझ बाउल’ या विख्यात क्रीडांगणावर झाला. तोही २० विरुद्ध २ असा जिंकला. नऊ सामने, नऊ विजय. एकही पराभव नाही, एकही बरोबरी नाही.

आता ‘बाउल’ म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. वाडग्याच्या आकाराच्या क्रीडांगणावरून हा शब्द रूढ झाला. नाताळ व नववर्षाच्या सुमारास काही शहरांतील समित्या देशातील उत्तम संघांस निमंत्रण देऊन सामने भरवीत. मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लीन्सचा शुगर बाउल, जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल ही त्यांतील मोठी नावे. पॅसाडीनाचा रोझ बाउल सर्वांत जुना, परंतु तो १९४७ पासून दोन विशिष्ट विद्यापीठगटांस बांधला गेल्याने डॉन्सना बंद होता. उरलेले बहुतेक मोठे सामने दक्षिणेकडील राज्यांत होत. आणि दक्षिणेत त्या काळी काळ्या माणसाने कोठे बसावे, कोणत्या नळाचे पाणी प्यावे, कोणत्या शाळेत शिकावे, हे कायद्याने ठरलेले होते. शाळांतील विभक्तता घटनाबाह्य ठरविणारा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होण्यास १९५४ साल उजाडावे लागले.

मैदानावर तर कायद्यापेक्षाही एक अलिखित संकेत प्रभावी होता. उत्तरेकडील संघ दक्षिणेशी खेळावयाचा झाला म्हणजे आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूस निमूटपणे वगळीत असे. यास ‘सभ्य लोकांचा करार’ असे म्हणत. सभ्यतेचा याहून विचित्र अर्थ आमच्या तरी ऐकिवात नाही. बॉस्टन कॉलेज हीदेखील जेझुइटांचीच संस्था. तिच्या संघात लू मॉन्टगोमेरी हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्या संघास १९४० साली कॉटन बाउलचे आणि १९४१ साली शुगर बाउलचे निमंत्रण आले. दोन्ही वेळा संघ खेळला आणि दोन्ही वेळा मॉन्टगोमेरीस बाहेर ठेवून खेळला. शुगर बाउल त्यांनी जिंकला. ज्यास बाहेर ठेवले त्याच्या नावाने विद्यापीठाने त्याचा क्रमांक सन्मानपूर्वक राखून ठेवला तो २०१२ साली.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९४८ साली पेनसिल्व्हेनियातील लाफायेट कॉलेजच्या संघास टेक्सासमधील सन बाउलचे निमंत्रण आले. डेव्हिड शोवेल हा त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू तेथे खेळू शकणार नाही असे कळल्यावर संघाने निमंत्रण नाकारले. विद्यार्थी रस्त्यावर आले, वृत्तपत्रांत गाजावाजा झाला. त्या वर्षी सन बाउल दुसऱ्या संघाने खेळला, एवढाच त्याचा तात्कालिक परिणाम.

१९५१ चा ऑक्टोबर महिनाही विसरता येत नाही. ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट यास, चेंडू त्याच्याजवळ नसताना, प्रतिपक्षाच्या एका गड्याने असा तडाखा दिला की त्याचा जबडा मोडला. या प्रसंगाची छायाचित्रे देशभर छापली गेली आणि त्यांस पुलित्झर पारितोषिकही मिळाले. यजमान विद्यापीठाकडून खेदाचे शब्द आले ते २००५ साली, तोवर ब्राइट हयात नव्हता. डॉन्सचे विजय चालू होते, ते दिवस असे होते.

तेव्हा नोव्हेंबरच्या अखेरीस प्रश्न उभा राहिला तो हा. अधिकृत कारण सांगण्यात आले की, डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, म्हणून त्यांस निमंत्रण नाही. या कारणात थोडे तथ्य आहे हे आम्ही वर मान्यच केले आहे. वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतही त्यांस चौदाव्या स्थानावर बसविलेले होते. परंतु खेळाडूंना कुहारिच यांच्याकडून जे समजले ते निराळे होते : मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवून यावयाचे असेल तर दक्षिणेचे दार उघडू शकते. उत्तर देण्यास वेळ लागला नाही. मतदान घेण्याचीही गरज पडली नाही, असे ती मंडळी पुढे सांगत असत. जावयाचे तर सर्वांनी, नाहीतर कोणीच नाही. डॉन्स घरी बसले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. अपमान मॅटसनचा आणि टोलरचा होता. त्यांनी तो सोसला असता तर जगरहाटीप्रमाणेच झाले असते, आणि त्यांनी बंड केले असते तर तेही इतिहासात नवे नव्हते. नवे होते ते हे की, ज्यांना कोणी अडविले नव्हते त्यांनी पाऊल उचलले नाही. आपल्याकडील चौरंगी क्रिकेट सामन्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस पळवणकर बंधूंचे स्मरण येथे झाल्यावाचून राहणार नाही. बाळू पळवणकरांच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ सामने जिंके आणि चहाच्या वेळी त्यांचा चहा मात्र मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात येई. १९२० साली कर्णधारपदाच्या वादात संघातून अंग काढून घेतले ते त्यांच्याच घरच्यांनी, विठ्ठल आणि शिवराम या भावांनी. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकलाही. परंतु १९२० साली जे बाहेर पडले ते पळवणकरच होते, हे आम्हांस डॉन्सची हकीकत लिहिताना वारंवार टोचत राहिले.

आणि या नकाराची किंमत लहान नव्हती. विद्यापीठास फुटबॉलपायी सुमारे ७०,००० डॉलरांची तूट आलेली होती. एका मोठ्या बाउल सामन्याच्या उत्पन्नातून ती बरीचशी भरून निघाली असती. हे मुलांस ठाऊक नव्हते असे नव्हे. मोसम संपला आणि अल्पावधीतच विद्यापीठाने हा खेळ बंद केल्याचे जाहीर केले. अजिंक्य ठरलेला संघच विसर्जित झाला. कुहारिच शिकागोच्या व्यावसायिक संघाचे मार्गदर्शक होऊन निघून गेले. शिक्षण पूर्ण व्हावयाचे होते अशा सेंट क्लेअरला अखेरच्या वर्षासाठी ओक्लाहोमातील टल्सा विद्यापीठ गाठावे लागले. पुढील काळात सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात फुटबॉल लहान प्रमाणावर पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा बंदही पडला. ते वैभव काही परत आले नाही.

१ जानेवारी १९५२ रोजी बाउल सामने यथासांग पार पडले. त्या दिवशी टेक्सासमधील एल पासो येथे सन बाउल खेळावयास कोण गेले? तर कॉलेज ऑफ द पॅसिफिक, ज्यांस डॉन्सनी ३३ गुणांनी हरविले होते तेच. ते टेक्सास टेककडून १४ विरुद्ध २५ असे हरले. परंतु न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, पॅसिफिकच्या संघात एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि तरीही सन बाउलने त्या संघास बोलाविले. ज्या समितीच्या अटीपायी तीन वर्षांपूर्वी लाफायेटने पाठ फिरविली होती, तिचेच हे निमंत्रण. लाफायेटच्या नकारावाचून हे घडले असते काय, याचा विचार आम्ही वाचकांवर सोपवितो. शुगर बाउलला मात्र आणखी वेळ लागला. तेथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पिट्सबर्ग विद्यापीठाचा बॉबी ग्रिअर, १९५६ च्या जानेवारीत खेळला, आणि तोही जॉर्जियाच्या गव्हर्नरने आपल्या राज्याचा संघ त्याच्याविरुद्ध उतरू नये म्हणून केलेल्या आकांडतांडवानंतर. त्या वेळी गव्हर्नरच्या विरोधात अटलांटाच्या रस्त्यांवर उतरले ते जॉर्जिया टेकचे गोरे विद्यार्थी होते.

डॉन्स पांगले, पण निस्तेज झाले नाहीत. त्या एका संघातील नऊ जण व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. मॅटसन, मार्चेटी आणि सेंट क्लेअर या तिघांस पुढे त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. एकाच महाविद्यालयीन संघातील तिघांना हा मान मिळणे ही असामान्य गोष्ट होय. सेंट क्लेअर डेली सिटीचा महापौरही झाला. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक आणि चार गुणिले चारशेच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. याच हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचे कांस्यपदक घेऊन परतले, हे आपल्या वाचकांस सांगणे नलगे. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या संघाने एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊ जण देऊ केले, यावरून त्याचे मोल कळावे. आणि प्रसिद्धीचे काम पाहणारा तो तरुण पीट रोझेल? तो १९६० साली व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा आयुक्त झाला आणि जवळजवळ तीस वर्षे त्या पदावर राहिला.

बर्ल टोलरचे नशीब मात्र वाकडे. १९५२ साली शिकागो येथील एका प्रदर्शनी सामन्यात त्याच्या गुडघ्यास गंभीर इजा झाली आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्यापूर्वीच संपली. तो शिक्षक झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील एका शाळेत त्याने मुले शिकविली आणि तेथेच मुख्याध्यापकपद भूषविले. शाळा सांभाळून रविवारी तो फुटबॉलचा पंच म्हणून काम करू लागला. १९६५ साली रोझेलच्या संघटनेने त्यास नेमले तेव्हा त्या व्यवसायातील तो पहिला कृष्णवर्णीय पंच होता. पंचवीस मोसम त्याने हे काम केले. २० जानेवारी १९८० रोजी त्या खेळातील सर्वांत मोठ्या सामन्यात, सुपर बाउलमध्ये, पंचांच्या पथकात टोलर उभा होता. तेथवर पोहोचलेला कृष्णवर्णीय पंचही तोच पहिला. सामना झाला पॅसाडीनाच्या रोझ बाउल क्रीडांगणावर, जेथे १९५१ च्या नोव्हेंबरात डॉन्सनी आपला अखेरचा विजय मिळविला होता.

विद्यापीठाने २००६ साली या संघातील खेळाडूंस सन्माननीय पदव्या दिल्या. टोलर २००९ साली वारला, मॅटसन २०११ साली, सेंट क्लेअर २०१५ साली आणि मार्चेटी २०१९ साली.

विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह आहे. त्यास पूर्वी जेम्स फेलन यांचे नाव होते. हे गृहस्थ शहराचे महापौर आणि पुढे सिनेटचे सभासद होते. आशियातून येणाऱ्या लोकांस कॅलिफोर्नियात थारा मिळू नये, कॅलिफोर्निया गोऱ्यांचेच राहावे, या घोषणेवर त्यांनी निवडणूक लढविली होती. ते नाव बदलावे अशी मागणी विद्यार्थ्यांनी लावून धरली, आणि २०१७ साली ते काढून त्या वसतिगृहास बर्ल टोलर आणि त्यांच्या पत्नी मेल्व्हिया यांचे नाव देण्यात आले. दरवर्षी नवी मुले घर सोडून तेथे राहावयास येतात.